फुमी पुढे आली ते वर्ष

अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या आमच्या घराला पुढचं दार नव्हतं. एका मोठ्या व्हिलात मालकानं भिंती घालून पाच बिऱ्हाडं केली होती आणि आमच्या वाट्याला मागची बाजू आली होती. मूळ घराचं स्वयंपाकघर, त्याला लागून दोन खोल्या आणि बोळात उघडणारं एक दार. गॅसच्या सिलिंडरांना वळसा घालून आत आलं की माणूस थेट आईच्या ओट्यापाशीच पोचायचा. स्वयंपाकघर मात्र मोठ्या खटल्याच्या हिशेबानं बांधलेलं. त्यात आईनं जेवणाचं टेबल, देव्हारा, इस्त्रीचा पाट, बाबांचा टीव्ही आणि माझा अभ्यास असं सगळं मांडलं होतं. आम्ही चौघं तिथेच राहायचो, खोल्या फक्त झोपण्यापुरत्या. विमानतळ जवळ होता. विमान खाली यायला लागलं की बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून बाबा वाक्य अर्ध्यात सोडून थांबत आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. सुट्टीत साताऱ्याला गेलो तरी ही सवय जायची नाही. बोलता बोलता गप्प व्हायचे आणि काका विचारायचे, "काय रे, काय विसरलास?"

आई मुसाफातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि बाबा तिथूनच दोन रस्ते पलीकडे, इमारतींचे एसी सांभाळणाऱ्या कंपनीत. दोघांना सातच्या आत निघावं लागे. त्यामुळे आईचा सगळा स्वयंपाक पहाटे व्हायचा आणि आम्ही बहिणी फोडणीच्या आवाजानं उठायचो. ओट्यावर ओळीनं चार डबे उघडे असायचे. थालीपीठ आणि दही, नाहीतर पोळी आणि मटकी. सुट्टीच्या दिवशी बाबा मासळी बाजारातून सुरमई आणायचे, तिला तिथे कनद म्हणतात. आई ती रवा लावून तळायची आणि पहिला तुकडा ताईच्या ताटात जायचा. त्यात मला काही वावगं वाटायचं नाही. ताईला पहिला तुकडा, खिडकीपाशी बसायची जागा, नवीन दप्तर, आणि मला त्यानंतरचं, हे लहानपणापासून तसंच होतं.

ताई म्हणजे रेवती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्या वर्षी ती बारावीत होती आणि मी आठवीत, एकाच शाळेत. ती नाचायची, वादविवादात बक्षिसं आणायची, गणितात पहिली यायची, आणि दिसायलाही छान होती. मंडळाच्या गणपतीत बायका आईला म्हणत, "तुमची मोठी काय गोड आहे हो!" मग शेजारी उभी असलेली मी दिसली की घाईघाईनं म्हणत, "ही पण हुशार दिसते." आता मी त्या वेळच्या ताईहून पुष्कळ मोठी झाले आहे. मागे वळून बघताना लक्षात येतं की सगळ्यांनी सतत कौतुक केलेल्या मुलीवरही केवढं ओझं असतं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ताईला सगळं आपोआप मिळतं.

आमच्या दोघींमध्ये एक गोष्ट मात्र बरोबरीची होती, आणि ती म्हणजे 'लँटर्न परेड'. ही एक जपानी कार्टून मालिका होती. तशा मालिकांत शाळेतल्या मुली मिळून गाण्या-नाचण्याचा ग्रुप काढतात, हरतात, रडतात, पुन्हा उभ्या राहतात. त्यांची गाणी बाजारात येतात, चाहते त्यांतल्या मुलींना मतं देतात, आणि त्या मतांवर पुढे कुणाला जास्त गाणी मिळणार हे ठरतं. 'लँटर्न परेड'मध्ये एका बंदराच्या गावातल्या चौघीजणी बंद पडत चाललेला कंदिलांचा उत्सव वाचवायला नाचतात. त्यांची पुढारी रिओना. लांब केस, मोठं हसू, नेहमी मधोमध उभी. आणि चौघींच्या मागे कुठेतरी एक पाचवी मुलगी दिसायची, फुमी. चष्मा, तपकिरी स्वेटर, अंगानं काडीसारखी. ती ग्रुपमध्ये नव्हतीच. ती गाणं लावायची, टाळ्या वाजवून ताल मोजायची आणि पाण्याच्या बाटल्या भरायची. पहिल्या सीझनमध्ये तिच्या तोंडी इतकी कमी वाक्यं होती की मला ती सगळी पाठ होती.

ताईनं शाळेतल्या तिघींना जमवून आमचाही ग्रुप काढला. शेजारच्या गल्लीत राहणारी फिलिपिनो जॉय, ताईच्या वर्गातली अंजू आणि हिबा. मालिकेतली गाणी तशीच कपडे घालून तशीच नाचायची, याला कव्हर डान्स म्हणतात. दुबईत वर्षातून एकदा अशा सगळ्या वेड्यांचा मेळा भरायचा, त्यात स्पर्धा असायची. आमचा सराव व्हिलाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानपर्यंत. ताई अर्थातच रिओना. आणि मी फुमी. म्हणजे मी स्पीकर वर न्यायचा, गाणं लावायचं आणि मोजायचं, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट."

"तुला डान्स करायचा नाहीये ना?" ताईनं विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं होतं, कारण नाही म्हणायचं असतं हे त्या प्रश्नातच होतं.

पण मोजणाऱ्याला सगळ्यांच्या सगळ्या स्टेप्स येतात. रात्री ताई झोपली की मी पांघरुणात पायांची बोटं हलवून चौघींचे नाच करायची. जॉयच्या मम्मीनं मला तपकिरी स्वेटर शिवून दिला होता. ती शिवणकाम करायची आणि म्हणायची, "यू आर माय स्मॉलेस्ट कस्टमर." आईनं जॉयच्या मम्मीला पस्तीस दिरहॅम दिले आणि घरी आल्यावर म्हणाली, "पस्तीस! म्हणजे सहाशे रुपये झाले. एवढ्यात माझ्या माहेरी ठाण्याला लोकरीचा खरा स्वेटर येतो." मी तो उन्हाळ्यातही घालायची.

मग दुसरा सीझन आला. त्याच्या मध्यावर एक भाग होता. कार्यक्रमाच्या दिवशी चौघींतली एक जिन्यावरून घसरते, पाय मुरगळतो. सगळ्या हताश बसलेल्या असतात, आणि मागून फुमीचा आवाज येतो, "मला येतं." तिनं कधी कुणाला दाखवलेलं नसतं. ती चष्मा काढून ठेवते आणि नाचते. आम्ही पाचहीजणी आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपभोवती बसून तो भाग पाहिला. जॉय ढसाढसा रडली. मी रडले नाही. माझे कान गरम झाले होते आणि मला वाटत होतं की सगळ्यांना माझ्याकडे बघून कळतंय. ताई म्हणाली, "ओके, दॅट वॉज क्यूट," आणि लॅपटॉप बंद केला.

तो एक भाग होता आणि तेवढ्यावरच संपेल असं आम्हाला वाटलं होतं. पण चाहत्यांनी फुमीला उचलून धरलं. लोक जुने भाग परत पाहून ती मागे कुठे कुठे उभी आहे ते शोधायला लागले. तिच्या चित्रांचे ढीग इंटरनेटवर आले. पुढच्या मतदानात ती शेपटाकडून वर आली आणि त्याच्या पुढच्यात पहिली. दुबईच्या मॉलमधल्या दुकानात रिओनाच्या की-चेनच्या जागी फुमीची की-चेन लटकायला लागली. मग नव्या सीझनची घोषणा झाली. आता ग्रुप पाचजणींचा, आणि पहिल्याच गाण्यात मधोमध फुमी. रिओना तिच्या उजवीकडे, अर्धं पाऊल मागे.

"दे हॅव रुइन्ड इट," ताई म्हणाली. "रिओनानं सगळं केलं आणि क्रेडिट हिला?"

 त्या वर्षीच्या स्पर्धेत तेच गाणं सगळ्यांना करायचं होतं. आयोजकांची यादी आली तेव्हा गच्चीवर जॉय, अंजू आणि हिबा तिघीही माझ्याकडे बघून हसल्या. जॉयनं मला मिठीच मारली. "सानू! सेंटर!" त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी आजही कुणाला नीट सांगू शकणार नाही. तो पुरता मिनिटभरही टिकला नाही.

"फुमी मी करते," ताई म्हणाली. ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. "सानू, लिसन. सेंटरला उभं राहणं म्हणजे नुसत्या स्टेप्स येणं नाही. जजेस तिथेच बघतात. यू विल फ्रीझ. तू रिओना कर. आतापर्यंत तर तू नाचतही नव्हतीस, नाही का?"

जॉय काहीतरी म्हणायला गेली. मी तिच्या आधीच "ओके" म्हटलं.

फुमी अंगानं लहानखुरी आहे हे मी वर सांगितलंच. ताई तशी नव्हती. ती उंच, चांगल्या बांध्याची, निरोगी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गाच्या दाराशी आली आणि तिचा डबा माझ्या हातात दिला. "तू खा. मला नकोय. आईला सांगू नकोस, ती उगाच किटकिट करते." मी खाल्ला. त्या दिवशी मसालेभात होता. पुढच्या दिवशी परत, त्याच्या पुढच्या दिवशी परत. एकदा मी म्हटलं, "ताई, रोज रोज..." तर ती शांतपणे म्हणाली, "सानू, तुला ग्रुपमध्ये ठेवायचं की नाही हे मीच ठरवते ना?" त्यानंतर मी विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणायची, सराव आहे, जड होईल. सराव झाल्यावर म्हणायची, जॉयकडे खाल्लं. आई दमलेली असायची आणि ताईच्या शब्दावर अविश्वास दाखवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. शिवाय डबे तर चाटून पुसून परत येत होते. "सानूला आजकाल बरी भूक लागते," आई कौतुकानं बाबांना सांगायची. "दुपारी डबा खाऊन आली तरी आल्या आल्या पोळी मागते. वाढीचं वय आहे." खरं म्हणजे मी पोळी मागत नव्हते, आई द्यायची आणि मला नाही म्हणता यायचं नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का? मी दोघींचं खात होते आणि फुगत होते. ताई वाळत होती, आणि एकाच टेबलाशी बसणाऱ्या चौघांपैकी हे फक्त मला माहीत होतं.

दोन महिन्यांत ताईचे हात गार पडायला लागले. बाहेर लोक घामानं निथळत असायचे आणि ती जॅकेट घालून बसायची. गच्चीचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून चप्पल नीट करायचं नाटक करायची. आणि इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी बरीच वर्षं टाळली. एका संध्याकाळी गिरकी घेताना तिचा तोल गेला आणि ती अँटेनाचा खांब धरून उभी राहिली. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. मी धावत गेले नाही. मी स्पीकरपाशी होते आणि माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं की ही पडली तर फुमी मला मिळेल. मग ती सावरली, म्हणाली, "फ्रॉम द टॉप," आणि मी गाणं परत लावलं.

स्पर्धेच्या दिवशी आईनं दोघींच्या आवडीचे पोहे केले होते. शेंगदाणे, वरून ओलं खोबरं. आई आमच्याकडे पाठ करून ताईच्या ड्रेसला इस्त्री करत होती. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिची बशी माझ्या बशीत रिकामी केली. मी भराभर खाल्लं, आई वळायच्या आत. दुबईपर्यंतच्या रस्त्यात बाबा खुशीत होते. ते पहिल्यांदाच येत होते. हॉलमध्ये शिरल्यावर तलवारी घेतलेली, पंख लावलेली, निळ्या केसांची पोरं बघून ते आईला म्हणाले, "अगं, आमच्या गावच्या जत्रेतली सोंगं बरी म्हणायची!" आई हसत होती. ताई हसली नाही. फुमीच्या तपकिरी पोशाखात ती खरंच फुमीसारखी दिसत होती. काही अनोळखी मुलींनी तिचे फोटो काढले. त्या मुलींचा मला राग आला, एवढं आठवतं.

आमच्या आधी दोन ग्रुप असताना स्टेजमागच्या बोळात ती कोसळली. काही बोलली नाही, हात पुढे केला नाही, सरळ गुडघ्यावर आली आणि मग कुशीवर. हिबा किंचाळली. दोन माणसांनी तिला उचलून प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. आई-बाबा धावत आले. तिथली नर्स केरळची होती, वयस्क, हळू बोलणारी. ताई तोवर शुद्धीवर आली होती आणि उठून बसायचा प्रयत्न करत होती.

"आय ॲम फाइन. आमचा टर्न आहे. वीस मिनिटांत."

"सुबह क्या खाया?" नर्सनं तिचा दंड पट्ट्यात गुंडाळत विचारलं.

"पोहे खाया," आई म्हणाली.  "मेरे सामने खाया, बशी भरके. टेन्शन का है सिस्टर, डान्स का टेन्शन."

"तो जूस पिलाओ, थोडा लेटने दो," नर्स म्हणाली. पण तिनं ताईचं मनगट सोडलं नव्हतं.

तेवढ्यात जॉय दारात आली. स्वयंसेवकानं दहा मिनिटं दिली होती. आत सगळे दिसल्यावर ती कुजबुजली, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "सानू, इफ रेवती कान्ट, यू टेक सेंटर. मम्मी विल पिन द ड्रेस. यू नो इट, आय नो यू नो इट."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. त्याआधी तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, नेहमी सांगितलं होतं. मी गप्प बसले असते तर ती ज्यूस प्यायली असती, उठली असती आणि स्टेजवर गेली असती. मी बोलले तर ती हॉस्पिटलात जाणार होती आणि मधली जागा माझी होणार होती. तोवर मी ते शब्द गिळले होते, आणि नेमके त्या दिवशी ते बोलणं माझ्या फायद्याचं होतं. 

"आई," मी म्हटलं. "पोहे मी खाल्ले."

"काय?"

"ताईचे पोहे मी खाल्ले. डबापण मीच खाते. रोज. ती काही खात नाही."

"कधीपासून?" हे बाबांनी विचारलं.

"दोन महिने झाले."

"शी इज लाइंग!" ताई ओरडली. ओरडताना तिला धाप लागली. "आई, हिला फुमी हवीय! सुरुवातीपासून हवीय हिला! विचार तिला, हवीय की नाही!"

आईनं मला विचारलं नाही, पण माझ्याकडे बघितलं. त्या बाबतीत ताई खरं बोलत होती.  नर्सनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. तिनं ताईच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जॅकेटची बाही वर सारून हात पाहिला, घड्याळाकडे बघत बराच वेळ नाडी मोजली, आणि उठून फोन लावला. आईला एवढंच म्हणाली, "हॉस्पिटल, अम्मा. अभी."

ताईनं जॅकेट काढलं, त्याच्याखालचा फुमीचा स्वेटर ओढून काढला आणि माझ्या अंगावर फेकला. "घे. घे ना आता."

तो माझ्या पायाशी पडला. जॉय दारातच होती. "सानू, प्लीज," ती म्हणाली. आणि बाबा, ज्यांना यातलं काही धड कळलं नव्हतं, तेही म्हणाले, "जा बाळा, तू जा. ताईपाशी आम्ही आहोत."

"नाही," मी म्हटलं. "मला नाही करायचं."

मी गेले नाही. ॲम्ब्युलन्समध्ये आई बसली, मागून गाडीत बाबा आणि मी. जॉय, अंजू आणि हिबा तिघीच नाचल्या. नवीन जागा ठरवायला वेळ नव्हता, म्हणून त्या आपापल्याच जागी नाचल्या आणि मधोमध आणि उजवीकडे अशा दोन जागा रिकाम्या राहिल्या. लोकांना वाटलं ते मुद्दाम केलंय. खूप टाळ्या पडल्या म्हणे. जॉयनं हे मला नंतर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. "आम्ही तिघींनी काय वाईट केलं होतं?" असं तिनं विचारलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की मी मोठा त्याग केला. आता वाटतं, नाचायला हवं होतं. माझं बोलणं खरं आहे हे सिद्ध करायला मी ती जागा सोडली, ताईसाठी नव्हे. तिघींचं वर्षभराचं काम मी माझ्या शुद्धतेपायी घालवलं. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळणं अवघड होतं, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल.

हॉस्पिटलात ताईच्या रक्तातले क्षार फार खाली गेलेले निघाले. हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टर इजिप्तचे होते, तरुण होते. त्यांनी बाबांना बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं की आज ही स्टेजवर जोरात नाचली असती तर कदाचित मी आत्ता तुमच्याशी वेगळं काहीतरी बोलत असतो. बाबा "यस डॉक्टर, यस डॉक्टर" म्हणत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आई बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, ती मारेल. 

"आणि मी म्हणत होते, वाढीचं वय," ती म्हणाली.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात फार कठीण गेले. आईनं नोकरीतून बिनपगारी रजा घेतली. ताईला अबू धाबीतल्या हॉस्पिटलात हलवलं, मग घरी आणलं. अल ऐनला एक बाई डॉक्टर होत्या, अशाच आजाराच्या मुलींना बघणाऱ्या. दर आठवड्याला बाबा आम्हाला घेऊन तिकडे जायचे, दीड तास जायला, दीड तास यायला. घरी टेबलाशी दिवसातून पाच-सहा वेळा ताई आणि आई समोरासमोर बसायच्या, मधे एक वाटी. वाटी रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. ताई रडायची, आईला घाणेरडं बोलायची, एकदा वाटी भिंतीवर फेकली. आईनं भिंत पुसली आणि दुसरी वाटी भरून आणली. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची आणि एकही ओळ वाचायची नाही. माझी भूक गेली होती, पण मी जेवायची, कारण त्या घरात आता न जेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ताईची बारावी एक वर्ष मागे पडली. 'लँटर्न परेड' मात्र जोरात चालली होती. फुमीच्या नावाची वेगळी गाणी निघाली, सिनेमा आला, त्याच्या पोस्टरवर ती एकटी आणि बाकीच्या चौघी तिच्या मागे, धूसर. जॉयनं, आमचं बोलणं सुरू झाल्यावर, मला ते पाठवलं. मी ते उघडून पाहिलं आणि मिटून टाकलं. जी मुलगी मागे उभी असताना मला सख्खी वाटायची, ती पुढे आल्यावर मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ताई सगळ्यांशी बोलायची, माझ्याशी नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगायची, "तिला म्हणावं मीठ दे." चार महिने.

मग एकदा अल ऐनहून येताना बाबांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि ते चहा आणायला दुकानात गेले. आई त्या दिवशी आली नव्हती. गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघीच. बाहेर ऊन उतरत होतं आणि पंपावरचा माणूस समोरची काच पुसत होता. ताई त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे मान न वळवता ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

इतक्या दिवसांनी तिचा आवाज माझ्यासाठी आला होता. मी "हो" म्हटलं.

"त्या दिवशी तू आईला का सांगितलंस? माझ्यासाठी, की फुमीसाठी?"

मी काय उत्तर द्यायचं ते मला माहीत होतं. आई, बाबा, डॉक्टर, सगळे तेच म्हणत होते की सानूनं बहिणीचा जीव वाचवला. ते म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मी खोटं बोलून बोलून थकले होते.

"दोन्हीसाठी," मी म्हटलं. "तू मरशील अशी भीती वाटली. आणि फुमी हवी होती. कुठलं जास्त ते मला माहीत नाही. बहुतेक फुमी."

मला वाटलं, आता ती दार उघडून उतरेल.  काच पुसणारा माणूस बाजूला झाला.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं?"

"तुला ती हवी होती ते." तिनं आता माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती थोडीशी हसत होती. "नाहीतर तू बोलली नसतीस, सानू. तू माझं सगळं ऐकायचीस. मी गप्प बस म्हटलं की तू गप्प बसायचीस. मी मरेपर्यंत बसली असतीस."

बाबा तीन कप करक चहा घेऊन आले. कोपरानं दार उघडून त्यांनी एक मला दिला, एक ताईपुढे धरला. कप घेतलेला हात जरा जास्तच वेळ पुढे धरून ते उभे राहिले. ताईनं कप घेतला, फुंकर मारली, आणि अर्धा प्यायली. तेवढा तेव्हा पुष्कळ होता.